कोरडी हवा

आमच्या वहिनी रोज संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी एका पांढऱ्या वाटीत काढायच्या आणि ती वाटी दारात नेऊन उजेडात धरायच्या. डॉक्टर लघवीची बाटली बघतो तसं बघायच्या. पाणी नितळ असलं तर "हं" एवढंच. तांबूस असलं तर कपाळाला आठी. "टाकीले आतून गंज चढून राहिला," असं म्हणत ते पाणी मागच्या नालीत ओतायच्या, वाटी विसळायच्या आणि मगच चहाचं नाव काढायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाई जरा फिरलेली आहे. सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीला मात्र ते सवयीचं झालं होतं.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. दादा तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं बैल घेऊन दारोदार फिरतात, ते बैल. नोकरी सांभाळून मागच्या टिनाच्या शेडमध्ये हा उद्योग चालायचा. दादा कोरायचे, वहिनी ब्रशने रंगवायच्या. दादा हार्ट अटॅकने गेल्यावर मला वाटलं, आता शेडला कुलूप लागेल. तेराव्यानंतर वहिनींनी एका सुताराला बैल कापून-कोरून द्यायला सांगितलं आणि रंगाचं सगळं काम अंगावर घेतलं. मूलबाळ नव्हतं. पेन्शन पोटापुरती होती. ते काम पोटासाठी नव्हतंच. सकाळी उठायला त्यांना काहीतरी कारण हवं होतं, आणि ते कारण त्या शेडमध्ये होतं. ते माझ्यामुळे गेलं. हे शेवटी सांगण्यासाठी राखून ठेवावं असा माझा स्वभाव आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

ब्रशचे बैल पुढे पुढे विकले जाईनात. लोकांना मोटारसायकलच्या टाकीसारखी चमक हवी होती. वहिनींनी स्प्रेची बंदूक आणली आणि एका मेकॅनिककडून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडून घेतला. त्याची हवा बैलाच्या एका बाजूपुरती पुरायची. मग बंदूक खोकायची, रंग थुंकायची, आणि हवा भरेपर्यंत वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. "अर्धा बैल ओला, अर्धा वाळला. हा काय बैल झाला? झेब्रा झाला," असं म्हणून एक दिवस त्यांनी मला सदर बाजारात नवी मशीन बघायला चलायला सांगितलं.

दुकानदाराने आधी आम्हाला चाकांवरची चकचकीत मशीन दाखवली. "भाभीजी, तीन एचपी. मख्खन चलते. तेल नको, पानी नको. घरकामाले एकदम बेस्ट."

मी लगेच खूश. तीन म्हणजे दोनपेक्षा जास्त, एवढंच मला कळत होतं.

वहिनी म्हणाल्या, "घोडा किती मोठा हाय ते नका सांगू, भाऊ. गाडी किती ओढते ते सांगा. मिनिटाले हवा किती देते?"

"अरे, भरपूर देते."

"भरपूर माह्या माहेरीबी होतं. आकडा सांगा."

आकडा मशीनच्या मागच्या पट्टीवर होता आणि तो वहिनींच्या बंदुकीला पुरणारा नव्हता. बंदूक किती हवा पिते हे त्या गाड्या रंगवणाऱ्या एकाला विचारून आल्या होत्या. मशीनने बंदुकीच्या गरजेपेक्षा थोडी जास्तच हवा दिली पाहिजे, नाहीतर ती सारखी धापा टाकत राहते, तापते आणि लवकर मरते, हे त्यांनी मला रिक्षात दोनदा समजावलं होतं आणि मी दोनदा हो म्हटलं होतं. मग दुकानदाराने कोपऱ्यातली दुसरी दाखवली. पट्ट्यावर चालणारी, तेलाची, दोन सिलिंडरची, लांब टाकीची. दिसायला अगदीच म्हशीसारखी. वहिनींनी दोन्ही चालू करून दाखवायला लावल्या. पहिली अशी किंचाळली की दुकानातला माणूस फोन घेऊन बाहेर गेला. दुसरी आपली संथ, घरघर करत.

"हीच द्या," वहिनी म्हणाल्या. "समोरच्या खोल्यांत यायचं घर हाय. यायचं डोकं दुखते आवाजानं."

"यायचं" म्हणजे माझं. मला अर्धशिशी आहे. एवढी जड मशीन, एवढी महाग, आणि तेलपाण्याची कटकट, ती त्यांनी निम्मी माझ्या डोक्यासाठी घेतली. त्या वेळी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

मशीन आली आणि वहिनींचा दिवस तिच्याभोवती फिरू लागला. सकाळी काचेच्या बारीक डोळ्यातून तेल बघायचं. पट्टा अंगठ्याने दाबायचा, बोटभर दबला तर ठीक. हवा आत घेणारा स्पंज दर रविवारी साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा. टाकीच्या डोक्यावर एक पितळी कडी होती, हवा मर्यादेबाहेर गेली तर ती आपोआप सोडणारी. ती अधूनमधून ओढून बघायची. फुस्स करून हवा निघाली की वहिनी म्हणायच्या, "जागी हाय." माझी बायको मीना हसायची. "वहिनी, इतकं तर तुम्ही दादांचंबी नाही केलं."

"त्यायले कडी नव्हती ना वं," वहिनी म्हणायच्या. "असती तर रोज ओढून पाहिली असती."

मीना हसता हसता थांबायची. वहिनींच्या विनोदाचं हे असं असायचं. माणूस अर्ध्या वाटेवर अडकायचा.

सगळ्यात मोठं काम पाण्याचं. तान्हा पोळा पावसाळ्यात येतो, म्हणजे रंगाचा हंगाम ऐन दमट दिवसांत. मशीन बाहेरची हवा दाबते, तेव्हा हवेतला ओलावा टाकीच्या पोटात पाणी होऊन साचतो. ते रोज सोडलं नाही तर हवेबरोबर बंदुकीत येतं आणि रंगात उतरतं. "हवा फुकट असते, भाऊजी," वहिनी म्हणायच्या, "कोरडी हवा फुकट नसते. तिच्यासाठी रोज वाकावं लागते." टाकीच्या बुडाशी एक तोटी होती आणि टाकीजवळच पाइपवर पाणी अडवणारी एक छोटी काचेची बाटली. दोन्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर. साडी खोचून, एक गुडघा टेकून वहिनी त्या मशीनपुढे वाकायच्या ते पाहून एखाद्याला वाटावं, पूजा चालली आहे. तसं बोलून दाखवलं तर त्या चिडायच्या. "पूजा नाई. पूजा चुकली तर देव माफ करते. हे माफ करत नाई."

उरलेला रंग वाया घालवायचा नाही, हा आणखी एक नियम. त्यामुळे आमच्या घराचं फाटक, पाण्याचा ड्रम, मीनाचा पाट आणि शेजारच्यांची सायकल असं सगळं कधी ना कधी बैलांच्या रंगाचं झालं. एका वर्षी निळा उरला होता. कोणी मागितलेला नसताना वहिनींनी माझं हेल्मेट निळं करून टाकलं. ऑफिसात सगळे विचारू लागले तेव्हा मी घरी येऊन कुरकुर केली.

"काहून गा भाऊजी, वाईट दिसते काय?"

"वाईट नाही, पण विचारायचं ना."

"विचारलं असतं तर नाई म्हटलं असतं तुम्ही. तुमच्या तोंडात पहिले 'नाई' येते, नाईतर मग खोटं 'हो' येते. मधलं काई येतच नाई."

त्यांनी मला ओळखलं होतं. त्यामुळेच पुढे जे झालं ते त्यांना ओळखू आलं नाही याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. बहुधा इतक्या छोट्या गोष्टीत मी खोटं बोलेन असं त्यांना वाटलं नसेल.

त्या वर्षी वहिनींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. हंगाम तोंडावर. वहिनींनी तोडगा काढला. बैल उंच टेबलावर ठेवायचे, चष्मा लावून उभ्याने रंग मारायचा. आणि वाकायचं तेवढं मी.

"भाऊजी, संध्याकाळी ऑफिसातून आले की पाणी सोडून द्यायचं. तोटी उघडायची, सगळं पाणी गेलं की बंद. अन् बाटली रिकामी करायची. एवढंच. कराल ना?"

"हो," मी म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी केलं. तोटी घट्ट होती. जोर लावून फिरवली तर तांबडं पाणी माझ्या पँटवर उडालं. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, शेडमध्ये चिखल होता, मी ऑफिसच्या कपड्यांत होतो. बाटली तेवढी काढून पुसली. ती समोर होती, स्वच्छ केली की दिसायची. तोटीसाठी जवळजवळ झोपावं लागायचं. एक दिवस राहिलं तर काय होणार आहे, असं मनाशी म्हणालो. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तो माझा रिवाज झाला: संध्याकाळी शेडमध्ये जायचं, बाटली लख्ख पुसायची, बाहेर यायचं. वहिनी दारातून विचारायच्या, "झालं?" मी म्हणायचो, "झालं." त्यांना उभ्याने बाटली चमकलेली दिसायची. डोळा नुकता झालेला, वाकून बघायला मनाई. त्यात त्यांचं समाधान व्हायचं.

बैलांचे पहिले हात बरे गेले. शेवटचा, चमकीचा हात मारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींची हाक आली. हाक नव्हती, नुसतंच "भाऊजी" असं काहीतरी. मी गेलो. टेबलावर ओळीने बैल. सगळ्यांच्या पाठीवर बारीक फोड, मधे मधे सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि काळ्या रंगावर पांढरट धूर बसल्यासारखा. देवी आलेल्या माणसासारखे दिसत होते.

वहिनींनी सगळा रंग घासून काढला. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

दरवर्षी माल घेणारे महाल भागातले व्यापारी बघायला आले. त्यांना आम्ही सगळे शेठच म्हणायचो. त्यांनी एक बैल हातात घेतला, फिरवला, हळूच खाली ठेवला. "वहिनी, हे नाही चालणार हो." एवढंच बोलले. सभ्य माणूस.

ते गेल्यावर वहिनींनी मला विचारलं. आवाज चढवून नाही, चौकशी म्हणून. "भाऊजी, पाणी रोज सोडत होते ना?"

मी म्हटलं, "हो."

सांगता आलं असतं. अर्ध्या सेकंदाचं काम होतं. आत मीना होती, शेठ कदाचित अजून फाटकाशी असतील, आणि मी एक सरकारी नोकरीतला माणूस, एवढंसं काम करता आलं नाही म्हणून सांगायचं? "रोज सोडलं," मी आणखी म्हणालो. न विचारता.

वहिनींनी एक बैल डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. मग म्हणाल्या, "मंग डोळाच असंन. अंतर चुकून राहिलं माझं. जवळून मारते अन् मले समजत नाई."

त्या जेवायला गेल्यावर मी शेडमध्ये गेलो आणि तोटी उघडली. पाणी येतच राहिलं. गढूळ, तांबडं, नालीपर्यंत ओघळ गेला. मी खराट्याने तो पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "वहिनी, आणखी एकदा मारून पाहा ना." आता रंग नीट बसणार हे मला माहीत होतं.

"नाई," त्या म्हणाल्या. "पोरायच्या सणाशी खेळ नाई करायचा. आपल्याले दिसत नाई तर दिसत नाई."

मी दोन-चार वेळा म्हटलं. का म्हणतोय ते मात्र सांगितलं नाही. त्यांना वाटलं, मी मन राखायला म्हणतोय. उरलेले बैल त्यांनी दुसऱ्या एका पेंटरकडे पाठवले, बंदूकही त्यालाच देऊन टाकली. डोळ्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, ऑपरेशन उत्तम झालं आहे. वहिनींनी ते मानलं नाही. "ते अक्षरं वाचायले लावते. रंग मारायले कुठं लावते?" पुढच्या वर्षी सुताराने विचारलं, त्याला नाही म्हणून कळवलं. मशीन मला विकायला सांगितली. मी विकली. शेड रिकामी झाली आणि त्याच वर्षी मी गाडी घेतली होती, ती तिथे लावू लागलो. हे सगळं इतकं सहज झालं की कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाच रोज गाडी आत घेताना, रिव्हर्सचा दिवा त्या रंग उडालेल्या भिंतीवर पडायचा तेव्हा, मान वळवून दुसरीकडे बघावं लागायचं.

वहिनी त्यानंतर बरीच वर्षं होत्या. टीव्ही बघायच्या, भाजी निवडायच्या, फाटकाशी खुर्ची टाकून बसायच्या. बोलणं तेच, टोमणे तेच. फक्त सुई ओवायची झाली तरी मीनाला हाक मारायच्या. "माझ्या डोळ्याचा भरोसा नाई वं," म्हणायच्या. चहा ओततानासुद्धा कपाला बोट लावून अंदाज घ्यायच्या. दिसत होतं त्यांना. मला माहीत होतं की दिसतं.

मग किडनी बिघडली आणि खाट धरली. एका दुपारी शेठ भेटायला आले. म्हातारे झाले होते तेही. खाटेशेजारी बसून म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखी फिनिश पुन्हा नाही भेटली. लोक अजून विचारतात."

"हात होता शेठ," वहिनी म्हणाल्या. "डोळ्यानं दगा देल्ला."

मी चहा घेऊन उभा होतो. शेठ गेले. मीना स्वयंपाकघरात होती. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर सांगितलं नसतं.

वहिनी छताकडे बघत होत्या. "एकबी दिवस नाई सोडलं?"

"पहिल्या दिवशी सोडलं."

"अन् बाटली?"

"ती पुसत होतो."

"काहून?"

"ती दिसत होती."

मला वाटलं, आता रडतील, किंवा मला बाहेर जा म्हणतील. त्यांनी उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला, सलाइनच्या सुयांनी निळा पडलेला, आणि तो डोळ्यांपुढे धरून बघितला.

"म्हणजे अंतर बरोबर होतं माझं," त्या म्हणाल्या.

"हो वहिनी."

"डोळाबी बरा होता."

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला. खोटं नाही सांगत, आनंदच होता तो. मला तो बघवला नाही. तो ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "तेव्हा सांगतलं असतं तर दोन शिव्या देल्या असत्या तुमाले. अन् दुसऱ्या दिवशी रंग मारला असता."

त्याच संध्याकाळी त्यांनी मीनाला शेठना फोन लावायला सांगितला. मी बाहेरच्या खोलीत होतो, ऐकू येत होतं. "शेठ, ते त्या वर्षीचे बैल ना, ते डोळ्यानं नव्हते बिघडले. टाकीत पाणी राहिलं होतं. हो. राहून गेलं सोडायचं." कोणाकडून राहून गेलं ते त्यांनी सांगितलं नाही. शेठनी विचारलंही असेल. पुढे जो कोणी भेटायला येई त्याला त्या एवढंच सांगत, की डोळे चांगले होते माझे. लोक एकमेकांकडे बघत. त्यांना वाटे, आजाराने डोक्यावर परिणाम झाला आहे. मी कोणालाच खुलासा केला नाही. तेवढीही माझ्यात धमक नव्हती.

माझ्याशी त्या बोलत होत्या. वाकडं एक अक्षर नाही. मॅच कोण जिंकलं विचारायच्या, माझ्या डोकेदुखीची चौकशी करायच्या. बाकी काही बदललं नव्हतं, एक सोडून. मी पाणी कोमट केलं आहे म्हणालो, की त्या पेल्याला हात लावून बघायच्या. मी दार लावलं म्हणालो, की मीनाला विचारायच्या. रागाने नव्हे. मशीनचा पट्टा अंगठ्याने दाबून बघावा, तसं.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टर घरी आले होते. वहिनींचे डोळे मिटलेले. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मला विचारलं, "सकाळची गोळी दिली होती ना?"

"हो, दिली," मी म्हणालो.

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. हात किंचित मीनाच्या बाजूला सरकवला. "तू सांग वं," त्या म्हणाल्या.

मीनाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "दिली वहिनी. माझ्यासमोर दिली."

वहिनींनी मान हलवली.

मी खरं सांगितलं होतं.